हवेने आगगाडी थोपविणारा जॉर्ज वेस्टिंगहाउस

अवजड मालमोटारीच्या चालकासमोर हवेचा दाब दाखविणारी एक लहानशी तबकडी असते. तिचा काटा पुरेसा वर चढल्यावाचून शहाणा चालक गाडी हलवीत नाही. या तबकडीमागे ज्याची बुद्धी उभी आहे, तो पुरुष म्हणजे जॉर्ज वेस्टिंगहाउस.

त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. वडिलांचा शेतीची यंत्रे बनविण्याचा कारखाना होता. तेथेच त्याचा हात यंत्रांवर बसला.

त्या काळी आगगाडी थांबविणे मोठे जोखमीचे असे. इंजिनाची शिटी ऐकताच ब्रेकवाले डब्यांच्या टपांवरून धावत आणि चाके फिरवून एकेका डब्याचा ब्रेक हाताने आवळीत. पावसात, बर्फात पाय घसरून कित्येक प्राणास मुकत. दोन मालगाड्यांची टक्कर दृष्टीस पडल्यापासून वेस्टिंगहाउसच्या मनाला हाच विचार लागून राहिला. पुढे आल्प्स पर्वतातील बोगदा दाबलेल्या हवेच्या यंत्रांनी खोदला जात असल्याचे त्याच्या वाचनात आले आणि वाट सापडली. वयाची तेवीस वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच १८६९ साली त्याला हवेच्या ब्रेकचे पेटंट मिळाले.

परंतु त्यात एक उणीव होती. नळी फुटली की हवा निघून जाई आणि ब्रेक लागतच नसे. १८७२ साली त्याने सारी योजनाच उलटी केली. नळीत हवा सदैव भरलेली ठेवायची. तिचा दाब उतरला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतील हवेने ब्रेक आवळला जायचा. आता नळी फुटो वा डबे सुटोत, गाडी आपोआप थांबू लागली. १८९३ साली अमेरिकेने आगगाड्यांना असे ब्रेक कायद्याने आवश्यक केले.

आजच्या मालमोटारींची रचना काहीशी निराळी आहे. पायाखालचा ब्रेक टाकीतील हवेच्या जोरावर चालतो. वारंवार दाबल्यास ती हवा खर्च होते. हातब्रेकच्या बळकट स्प्रिंगा मात्र हवेनेच मागे रोखून धरलेल्या असतात. दाब फार उतरला की त्या स्वतःच चाके आवळतात. म्हणून घाट उतरताना काटा खाली येऊ लागला, तर वेळीच गाडी थांबविणे यातच शहाणपण आहे.

१२ मार्च १९१४ रोजी वेस्टिंगहाउस निवर्तला. यंत्र कधी तरी बिघडणारच, हे त्याने नम्रपणे मान्य केले आणि तो बिघाडच माणसाचा रक्षणकर्ता ठरेल अशी योजना केली. त्याचे थोरपण यातच आहे.