ताराबाई मोडक : शिकवणाऱ्यांना शिकवणाऱ्या बाई

मुलांनो, आपल्या वर्गाला येणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना ताराबाई मोडक हे नाव सांगून पाहा. बालवाडी म्हटले की ताराबाई, एवढे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक असते. आमच्या वेळच्या सामान्यज्ञानाच्या वहीत ते असेच एका ओळीत लिहिलेले असे. पण ताराबाईंच्या कामाचा अर्धाच भाग त्या ओळीत येतो. त्यांनी लहान मुलांसाठी शाळा काढल्या हे खरे. तितकेच कष्ट त्यांनी त्या शाळांतून शिकवणाऱ्या माणसांवर घेतले. माझे सारे आयुष्य शिक्षकी पेशात गेले, त्यामुळे मला हा दुसरा अर्धा भाग अधिक जवळचा वाटतो. तोच आज सांगते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाचे. म्हणजे घरात सुधारणेचे वारे होते, मुलीने शिकावे याला कोणाची ना नव्हती. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर बाई म्हटली की लोक वळून पाहत. पुढे अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, मुलगी झाली, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहान लेक, आणि पोटासाठी नोकरी करणे भाग. आज आपण हे एका वाक्यात वाचतो. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला घर भाड्याने मिळणेही सोपे नव्हते.

त्यांना राजकोटला काम मिळाले, बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाचे. हे कॉलेज स्त्री-शिक्षिका तयार करण्यासाठी होते. म्हणजे मुलांच्या शाळेच्या आधी ताराबाईंनी शिक्षिकांची शाळा जवळून पाहिली, हे लक्षात ठेवा.

त्या काळचे शिक्षकांचे शिक्षण कसे होते, ते थोडे सांगायला हवे. आधी पंतोजींचा काळ. छडी आणि घोकंपट्टी. मग इंग्रज सरकारने ट्रेनिंग कॉलेजे काढली. व्हर्नाक्युलर फायनल झालेली मुलेमुली तेथे जात, पाठ कसा घ्यावा, फळा कसा लिहावा, हजेरीपट कसा भरावा हे शिकत आणि खेड्यातल्या शाळेवर रुजू होत. त्यानंतर त्यांच्याकडे बघणारा एकच माणूस, दिपोटी. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी साहेब. ते वर्षातून एकदोनदा येत, मुलांना प्रश्न विचारत, शेरा लिहीत आणि जात. शेरा वाईट पडला तर मास्तरांच्या पगारावर गदा. मास्तरांना काय अडते, हे विचारायला मात्र कोणी येत नसे.

ही गोष्ट फार जुनी आहे असे समजू नका. मी पहिल्या नोकरीवर रुजू झाले त्या शाळेत (शाळेचे नाव राहू द्या) पहिल्याच दिवशी हातात हजेरीपट आणि खडूचे दोन तुकडे देऊन मला वर्ग दाखवण्यात आला. बाकावर दाटीवाटीने बसलेली मुले आणि मी. वर्षभर त्या वर्गाच्या दारात कोणी डोकावले नाही. शेवटी तपासणी झाली तेव्हा साहेबांनी फळ्यावरची तारीख बरोबर आहे की नाही, तेवढे पाहिले.

१९२३ साली ताराबाई राजकोटहून भावनगरला गेल्या. तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर १९२० पासून चालू होते. गिजुभाई मूळचे वकील. काही काळ आफ्रिकेत राहून आलेले. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारात असताना त्यांच्या हाती इटलीच्या मारिया मॉन्टेसरी बाईंची पद्धत आली आणि वकिली सुटली. मिशा राखणारा हा गृहस्थ मुलांत इतका रमे की गुजरातेत लोक त्यांना मिशावाली आई म्हणू लागले. ताराबाईंनी प्राचार्यपदाची सुखाची नोकरी सोडली आणि त्या गिजुभाईंच्या सोबतीने कामाला लागल्या.

भावनगरला एक गोष्ट लवकरच दोघांच्या ध्यानात आली. बालमंदिर पाहायला लोक येत, खूश होत आणि आपल्या गावी असेच काढू म्हणत. पण चालवणार कोण? साहित्य विकत आणता येते, शिक्षक विकत आणता येत नाही. म्हणून बालमंदिराला जोडून अध्यापन मंदिर सुरू झाले. तेथील शिक्षण राजकोटच्या कॉलेजपेक्षा अगदी वेगळे होते. आधी गप्प बसून मुलांकडे पाहायचे. कोणते मूल कशापाशी किती वेळ बसते, कशाने रडते, कशात हरवून जाते, याची टिपणे ठेवायची. शिकवण्याची घाई करायची नाही. मला वाटते, शिक्षक होऊ पाहणाऱ्या माणसाला हाच धडा सगळ्यांत जड जातो, कारण आपल्याला बोलायची सवय असते.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. बाईंच्या कामातली ही मोठी पायरी. अध्यापन मंदिरातून बाहेर पडलेला शिक्षक आपल्या गावी जाई तेव्हा तो एकटा पडे. भोवती सगळे छडीवाले. पालक विचारीत, मुले नुसती खेळतात, अक्षरे कधी गिरवणार? अशा वेळी पाठीशी कोणी नसेल तर उत्साही माणूसही वर्षभरात जुन्या वाटेला लागतो. संघामुळे असे विखुरलेले शिक्षक एकमेकांना धरून राहिले. त्यांच्यासाठी शिक्षण पत्रिका निघू लागली. आधी ती गुजराती होती. १९३३ पासून मराठीत निघाली, आणि ताराबाईंनी ती संपादक म्हणून वर्षानुवर्षे चालवली.

अशा मासिकाचे मोल आजच्या मुलांना समजणे कठीण आहे. तुम्हाला अडले की तुम्ही फोनवर शोधता. खेड्यातल्या त्या वेळच्या शिक्षिकेला अडले तर पोस्टमनची वाट पाहण्यापलीकडे उपाय नव्हता. पत्रिका हाती पडली की महिन्याभराची शिदोरी मिळे. हट्टी मुलाशी कसे वागावे, गोष्ट कशी सांगावी, घरच्या घरी साहित्य कसे करावे, असे साधे विषय, साध्या मराठीत. ताराबाईंचे गद्य मोठे सरळ आहे. शिक्षणशास्त्राचे जड शब्द टाळून, शेजारणीशी बोलावे तसे त्या लिहीत.

१९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले आणि ताराबाई मुंबईत स्थिरावल्या. शिशुविहारालाही शिक्षिकांच्या शिक्षणाची जोड होतीच. आपल्यातल्या थोरांना यासोबत रेबेका रुबेन बाई आठवतील. त्याच वर्षांत त्या मुंबईत आपल्या इस्रायली शाळेच्या, म्हणजे पुढच्या सर एली कदूरी शाळेच्या, मुख्याध्यापिका होत्या. वयानेही दोघी तीनच वर्षांच्या अंतराच्या. त्या पिढीतल्या शिकलेल्या बायकांनी शाळा हेच आपले घर केले होते, त्याची ही दोन उदाहरणे.

१९३९ साली गिजुभाई वारले. त्याच वर्षी स्वतः मॉन्टेसरी बाई हिंदुस्थानात आल्या. मद्रासजवळ अड्यारला त्यांचे वर्ग झाले, देशभरातून शेकडो शिक्षक तेथे गेले. मॉन्टेसरी बाईंचा आग्रह असे की त्यांची पद्धत त्यांनी ठरवून दिलेल्या रीतीनेच आणि ठरलेल्या साहित्यानेच शिकवली जावी. ताराबाईंना त्यांच्याबद्दल आदर होता, पण इटलीतली पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे लावण्यास त्या तयार नव्हत्या. शहरातल्या खात्यापित्या घरच्या मुलांसाठी ते महागडे लाकडी ठोकळे ठीक होते. ज्या गावात मुलाच्या अंगावर सदरा नाही तेथे ते आणायचे कोठून? आणि ते वापरायला शिकलेली बाई त्या गावात राहायला कोण पाठवणार? माझ्या मते ताराबाईंचे मोठेपण या प्रश्नापासून सुरू होते. दादरपर्यंतचे काम त्यांच्यासारखी दुसरी कोणी हुशार बाईही करू शकली असती.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या दादर सोडून बोर्डीला गेल्या. नकाशावर पाहा : डहाणूच्या वर, गुजरातच्या हद्दीला लागून, समुद्रकाठी. आपले पूर्वज ज्या नवगाव-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर राहिले त्याच किनाऱ्याचे हे उत्तरेकडचे टोक. आज हा भाग पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाणे जिल्हा होता. बोर्डीत आचार्य भिसे यांचे शिक्षणकार्य आधीपासून चालू होते, त्याचा आधार मिळाला. किनाऱ्याला चिकूच्या वाड्या, आणि आत डोंगराकडे वारली आदिवासींचे पाडे. त्याच वर्षी वारल्यांनी सावकार-जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उठाव केला होता. फुकट राबण्यास नकार देणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले.

केंद्र उघडले, पण मुले येईनात. का येतील? मोठे मूल गुरे राखणार, मधले धाकट्याला कडेवर घेणार, आईबाप मजुरीला. तेव्हा शाळाच पाड्यावर न्यायचे ठरले. शिक्षिका सकाळी पाड्यावर जाई. एखाद्या घरासमोरचे शेणाने सारवलेले अंगण हाच वर्ग. मुलांना न्हाऊ घालायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. ठोकळ्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, बांबूचे तुकडे आले. अंगणात भरते ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. गुरे चरताहेत, आणि राखणदार झाडाखाली अक्षरे गिरवताहेत.

आता या शाळेच्या शिक्षिकेकडे पाहा. तिला भिंत नाही, फळा नाही, घंटा नाही. ती ज्या अंगणात बसते ते दुसऱ्याचे आहे. ज्या मुलांना शिकवते त्यांची बोली तिच्या पुस्तकी मराठीहून वेगळी आहे. शहरातून आलेली पदवीधर मुलगी अशा ठिकाणी किती दिवस टिकेल? ताराबाईंनी उत्तर असे काढले की खेड्यातलीच, थोडे शिकलेली बाई घ्यावी आणि तिला घडवावे. बालसेविका हे तिचे नाव. गावात वाढलेल्या या बाईला चिखलाची, पावसाची, अंगणातल्या कोंबड्यांची भीती नसते. तिला फक्त मुलाकडे पाहण्याची नवी नजर द्यायची आणि पाठीशी उभे राहायचे. पदवीला एवढे मान देणाऱ्या आपल्या समाजात हा विचार धीटपणाचा होता, खुद्द बी.ए. झालेल्या बाईंनी तो केला.

या कामात त्यांना भेटलेली सर्वांत मोठी शिष्या म्हणजे अनुताई वाघ. बालविधवा. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका होत्या. १९४५ साली बोरिवलीच्या ग्रामसेविका शिबिरात ताराबाईंशी गाठ पडली आणि अनुताई पुण्याची चांगली नोकरी सोडून बोर्डीला आल्या. ताराबाईंच्या डोक्यात कल्पना येत आणि अनुताई त्या अंगणात उतरवून पाहत. जे जमेल ते ठेवायचे, जे जमणार नाही ते टाकायचे. प्रयोग हा शब्द त्या दोघी वापरत तो याच अर्थाने. अंगणात काय घडले ते शिक्षण पत्रिकेत जाई, आणि तेथून कोकणात, खानदेशात, विदर्भात कोणा एका शिक्षिकेच्या हाती पडे.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून आत कोसबाडच्या टेकडीवर गेले, ऐन वारली वस्तीत. पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा आणि शिक्षिकांचे शिक्षण हे सारे तेथे एकाच आवारात होते. त्याला विकासवाडी म्हणत. शिकाऊ बालसेविकेला पुस्तकातले मूल आणि समोरचे मूल एकाच दिवशी पाहायला मिळे. ट्रेनिंग कॉलेज एका गावी आणि नोकरी दुसऱ्या गावी, हा जुना घोटाळा तेथे उरला नाही. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. कोसबाडचा भार अनुताईंनी उचलला आणि १९९२ साली मरेपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने लहान मुलांसाठी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या गावोगावच्या केंद्रांचे नाव अंगणवाडी. बोर्डीच्या पाड्यांवर रुळलेला शब्द त्यामुळे देशभर गेला. केंद्रावर काम करणारी ती सेविका. तिला आजही पगार नाही, मानधन मिळते, आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्या सेविकांना वेळोवेळी संपावर जावे लागले आहे. वजन-उंचीच्या नोंदी, पोषण आहार, लसीकरणाच्या दिवशी मुले गोळा करणे, सगळे तिच्याच माथी. ती आपली वही घेऊन अंगणात बसते तेव्हा तिच्या पाठीशी कोण उभे आहे, हे पुढच्या वेळी गावी गेलात तर तिलाच विचारा.