हकीम अजमल खान : तक्रारीला विद्यालयाचे उत्तर



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत डॉक्टरकीच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. पण डॉक्टर म्हणायचे कोणाला, हा प्रश्न एके काळी कायद्यानेच उभा केला होता. त्याला कृतीने उत्तर देणाऱ्या थोर पुरुषाचा हा परिचय आहे.

हकीम अजमल खान यांचा जन्म १८६८ साली दिल्लीच्या नामांकित हकीम घराण्यात झाला. अरबी-फारसीबरोबर त्यांनी घरीच युनानी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि काही वर्षे रामपूरच्या नवाबांकडे राजवैद्य म्हणून काम केले. वडील बंधूंनी दिल्लीत काढलेली मदरसा तिब्बिया ही संस्था पुढे त्यांच्या हाती आली. स्त्रियांनाही हे शिक्षण मिळावे म्हणून १९०९ साली त्यांनी स्वतंत्र शाळा काढली.

१९१२ साली मुंबई इलाख्यात वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला. नोंदणी मिळाली ती पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांना. वैद्य आणि हकीम बाहेर राहिले. हे संकट हकीमसाहेबांनी आधीच ओळखले होते. १९१० सालीच त्यांनी वैद्य-हकिमांची अखिल भारतीय परिषद उभारून दोघांना एका व्यासपीठावर आणले होते. १९११ साली युरोपात जाऊन तेथील रुग्णालयेही त्यांनी पाहिली.

वाचकहो, येथेच त्यांचे मोठेपण ध्यानात घ्या. कायद्यातील अन्यायाविरुद्ध ते लढले. परंतु वैद्य शिकलेला व तपासलेला असावा, ही अपेक्षा त्यांनी चुकीची मानली नाही. म्हणून आयुर्वेद व युनानी दोन्ही शिकविणारे महाविद्यालय काढण्याचा त्यांनी निश्चय केला. शरीरशास्त्र व शस्त्रक्रियाही अभ्यासक्रमात घेतल्या. काही जुन्या हकीम घराण्यांना ही सरमिसळ रुचली नाही. हकीमसाहेब डगमगले नाहीत. आपल्या हिंदुस्तानी दवाखान्याचे उत्पन्न त्यांनी या कार्याला दिले. १९१६ साली पायाभरणी झाली आणि १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन झाले.

दरम्यान १९२० साली सरकारी किताब परत करून ते जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती झाले. १९२१ साली त्यांनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले.

वनौषधी शास्त्राच्या कसोटीवर उतराव्यात, ही त्यांची तळमळ होती. त्यासाठी जर्मनीत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दिकी यांना त्यांनी संशोधनाकडे वळविले. १९२७ साली हकीमसाहेबांचे निधन झाले, पण काम थांबले नाही. १९३१ साली सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळांतून एक द्रव्य वेगळे काढले आणि आपल्या आश्रयदात्याच्या स्मरणार्थ त्याला अजमलीन हे नाव दिले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर ते औषध ठरले. त्याच सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला.

पालकहो, नियम बदलतात, कधी ते आपल्याला जाचतातही. अन्यायाविरुद्ध दाद जरूर मागावी. पण त्याच वेळी आपली पात्रता वाढवावी, संस्था उभारावी आणि मुलींनाही त्यात बरोबर घ्यावे. हकीमसाहेबांच्या जीवनाचा हाच धडा आहे.