शिकारीला निघालेला राजा नदी कशी ओलांडायचा? राजर्षी शाहू, पायताण आणि पाण्याची गोष्ट

पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आमच्या देऊळगाव राजाकडे एक प्रश्न हमखास पडतो. चप्पल पायात ठेवून पाण्यात उतरायचं, की हातात घ्यायची? पायात ठेवली तर धारेत निसटते. हातात घेतली तर तळपायाला दगड आणि काटे लागतात.

आता हाच प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घनदाट रानात शिकारीला निघालेल्या माणसांना पडला असेल तर? तेव्हा ना ट्रेकिंगचे बूट होते, ना पटकन वाळणाऱ्या सँडल.

याचं उत्तर शोधायला कोल्हापूरला जायला हवं. आमच्या तालुक्याला लागूनच सिंदखेड राजा आहे, जिजाऊंचं माहेर. त्यांच्या लेकाच्या, म्हणजे शिवरायांच्या वंशाची एक गादी कोल्हापुरात होती. त्या गादीवर एक असा राजा आला, जो पट्टीचा शिकारी होता आणि ज्याच्या राज्यातलं पायताण आज जगभर ओळखलं जातं. ते म्हणजे राजर्षी शाहू महाराज.

यशवंतराव ते शाहू छत्रपती

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. नाव ठेवलं यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि नऊ वर्षांचा यशवंत शाहू छत्रपती झाला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे धारवाडला शिक्षण झालं. २ एप्रिल १८९४ रोजी, विशीही पूर्ण झालेली नसताना, राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

कुस्ती, घोडे आणि शिकार हे त्यांचे तीन नाद. कोल्हापूरच्या पूर्वेकडच्या माळरानावर पाळीव चित्ते सोडून काळविटाची शिकार व्हायची. चित्त्यांना सांभाळणाऱ्या चित्तेवानांची घराणी कोल्हापुरात होती. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत दाजीपूरचं रान होतं. तिथे गवे, अस्वलं, बिबटे आणि वाघ. हे रान संस्थानाचं राखीव शिकारीचं जंगल होतं.

माळावर चित्त्याची शिकार गाडीतून किंवा घोड्यावरून व्हायची. दाजीपूरच्या रानात मात्र पायी चालण्याला पर्याय नव्हता. खरा कस लागायचा तो तिथे.

रानात पायात काय घालायचं?

दाजीपूरकडचा पाऊस धो धो. पावसाळ्यात तिथे शिकार जवळपास अशक्यच. हंगाम हिवाळ्या-उन्हाळ्याचा. पण तेव्हाही भोगावतीसारख्या नद्यांच्या वरच्या अंगाला आणि ओढ्यांत पाणी असतं. तळाशी काळा कातळ आणि त्यावर शेवाळ. अशा ठिकाणी त्या काळी पायासाठी मोजकेच पर्याय होते.

पहिला, साहेबी चामडी बूट. तळाला लोखंडी खिळे. खिळे माती आणि शेवाळात रुततात, त्यामुळे पकड मिळते. पण कोरड्या दगडावर ते वाजतात आणि जनावर सावध होतं. बुटात एकदा पाणी शिरलं की तो जड होतो, लवकर वाळत नाही आणि ओल्या चामड्यात चालून पायाला फोड येतात.

दुसरा, आपलं देशी पायताण, म्हणजे आज ज्याला आपण कोल्हापुरी म्हणतो ते. त्याचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. तळ जाड, शिलाई चामड्याच्याच वादीची, खिळा एकही नाही. कोरड्या रानात काटा आणि तापलेला दगड यांच्यापासून ते पाय वाचवतं. पण पाणी हा त्याचा शत्रू. असं कमावलेलं कातडं पाणी पितं, फुगतं, शिलाई सैल पडते. वाळल्यावर ते कडक होतं आणि पुन्हा तेल पाजावं लागतं. शिवाय टाच मोकळी असल्यामुळे जोराच्या धारेत ते पायातून सुटू शकतं. करकर वाजणारं पायताण गावात रुबाबदार वाटतं, शिकारीत तेच अडचणीचं.

तिसरा पर्याय अनवाणी पायांचा. तळपायाला दगड कळतो, बोटं रोवता येतात, आवाज होत नाही. पण एक धारदार कपची लागली की दिवस संपला.

याच पिढीतला प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट, म्हणजे शाहू महाराजांपेक्षा वर्षाने लहान, रानात पातळ रबरी तळाचे बूट वापरायचा. आवाज कमी आणि पायाखालचं कळतं, हा त्याचा फायदा. पण असे बूट परवडणारी माणसं किती?

मोठ्या शिकारीत बंदूक एकाच्या हातात असते, पण रान उठवायला शेकडो हाकारे लागतात. त्यांतले बहुतेक आसपासच्या गावांतले गरीब शेतकरी आणि मजूर. पाणी आलं की पायताण काढून हातात घ्यायचं, काठीने तळ चाचपायचा, एकमेकांचा हात धरून पलीकडे जायचं आणि कोरड्या जमिनीवर पुन्हा पायताण चढवायचं. ज्याच्याकडे पायताणच नाही, त्याला काढायचाही प्रश्न नाही.

शिकारीने राजाला काय दाखवलं?

आता तुम्ही म्हणाल, यात शाहू महाराजांचं वेगळेपण काय? शिकार तर सगळेच राजे करायचे.

वेगळेपण असं की, शिकारीच्या निमित्ताने महाराज राजवाड्याबाहेर, थेट रानातल्या आणि खेड्यातल्या माणसांत वावरले. फासेपारधी समाजाचंच उदाहरण घ्या. फास लावून जनावर पकडण्यात हे लोक तरबेज. इंग्रजांच्या कायद्याने अशा अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. महाराजांनी सोनतळी इथे फासेपारध्यांना वसवलं, त्यांना काम दिलं आणि पहाऱ्यावरही ठेवलं. ज्यांना पोलिसांकडे रोज हजेरी द्यावी लागायची, अशा जातींची हजेरी त्यांनी १९१८ मध्ये बंद केली.

पाण्याचंही तसंच. १८९६ नंतरच्या काही वर्षांत दुष्काळ आणि प्लेग दोन्ही कोसळले. पश्चिमेला धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेला पिकं करपतात, हे संस्थानाचं दुखणं होतं. पुढे भोगावतीवर फेजिवडे इथे धरणाचं काम सुरू झालं. शेजारच्या नव्या वस्तीला महाराजांच्या मुलीचं, राधाबाईंचं नाव मिळालं. तेच आजचं राधानगरी. ज्या रानात शिकार व्हायची त्याच्याच पायथ्याशी शेतीसाठी पाणी अडवलं गेलं. काम मध्येच थांबलं आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं.

पायताण बनवणाऱ्याला पाणी मिळत नव्हतं

या गोष्टीतला सगळ्यात बोचरा भाग पुढेच आहे. पायताणाचं कातडं कमवायचा ढोर समाज आणि ते शिवायचा चर्मकार समाज. दोघांनाही अस्पृश्य मानलं जायचं. कातडं कमवायला भरपूर पाणी लागतं, पण गावच्या सार्वजनिक विहिरीला हात लावायची त्यांना बंदी होती. अनेक गावांत तर दलितांना वरच्या जातींच्या वस्तीतून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागायचं. समोर नदी नसतानाही!

महाराजांनी या व्यवस्थेवर एकामागून एक घाव घातले. २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला, तेव्हा ते स्वतः इंग्लंडमध्ये होते. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे आदेश निघाले.

गंगाराम कांबळे यांचा किस्सा तर कोल्हापुरात आजही सांगितला जातो. पाण्याला शिवले म्हणून या राजवाड्यातल्या नोकराला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचं दुकान काढायला मदत केली. मग आपला खडखडा, म्हणजे मोठी घोडागाडी, त्या दुकानापुढे थांबवून ते तिथला चहा प्यायचे. सोबतच्या मंडळींनाही प्यावाच लागायचा.

मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व जाहीरपणे पुढे केलं. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं ४७.

आज काय उरलंय?

दाजीपूरचं रान १९५८ मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं. आज ते राधानगरी अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार गुन्हा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांना मिळून. २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर तशीच चप्पल श्रेय न देता दाखवली, तेव्हा सोशल मीडियावर काय गदारोळ झाला ते आठवत असेलच.

आणि हो, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. ट्रेकला ओढा लागला तर कोल्हापुरी घालून पाण्यात उतरू नका. बोटं झाकणारी, टाचेला पट्टा असलेली, रबरी तळाची आणि पाणी निथळून जाणारी सँडल वापरा. काठी हातात ठेवा. पाणी गढूळ किंवा जोरात असेल तर सरळ मागे फिरा.

पुलावरून पाणी जात असेल तेव्हा तर पायात काय आहे याचा विचारच करू नका, थांबा. चप्पल हातात घ्यायची वेळ फक्त पाण्यामुळे यावी, माणसामुळे नाही. शाहू महाराजांनी आयुष्यभर एवढ्याचसाठी धडपड केली.