आधी हात, मग लेखणी

जीटी मारण्यात आपल्या होस्टेलचा हात कुणी धरणार नाही! काचेखाली बल्ब, काचेवर मागच्या बॅचची शीट, आणि रात्रभर पेन्सिल चालू. जर्नलचंही तेच. प्रयोग एकाने करायचा आणि निष्कर्ष साठ जणांनी उतरवायचा. मीही उतरवलेत. म्हणूनच एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये जे पाहिलं, त्याने जरा ओशाळायला झालं.

धुळे तालुक्यातल्या एका शाळेत सहावीच्या मुलांकडून आम्ही बुटाच्या खोक्याचा पिनहोल कॅमेरा करून घेतला. पुढे सुईचं छिद्र, मागे ट्रेसिंग पेपर. अंगणातलं चिंचेचं झाड त्या कागदावर उलटं उमटलं आणि एकच कल्ला झाला! मग मुलांना सांगितलं, काय पाहिलं ते लिहा. उजेड सरळ रेषेत जातो हे बऱ्याच जणांनी लिहिलं. एका मुलीने मात्र लिहिलं की झाड शीर्षासन करतंय, आणि फांदीवरचा कावळा डोक्यावर कसा आपटत नाही याची तिला काळजी वाटली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खोकं तिने स्वतः बनवलं होतं, एवढंच.

परतताना एसटीत मला साने गुरुजी आठवले. खरं सांगायचं तर तोवर साने गुरुजी म्हणजे 'श्यामची आई' आणि 'श्यामची आई' म्हणजे डोळ्यांतून पाणी, एवढंच समीकरण माझ्या डोक्यात होतं. धुळ्याहून अमळनेर किती लांब? पण तिथे एका होस्टेलमध्ये त्यांनी काय केलं, ते मी नीट वाचलं ते या कॅम्पनंतर.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घरच्या गरिबीमुळे शिक्षणासाठी त्यांना ठिकठिकाणी राहावं लागलं. एम.ए. होऊन ते १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे शाळेचं छात्रालयही त्यांच्याकडे आलं. आता रेक्टर म्हटलं की आपल्यासमोर काय उभं राहतं ते मी लिहीत नाही! गुरुजी मात्र मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या आवरायचे, फेकलेल्या कपड्यांच्या घड्या करून ठेवायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. उपदेश न करता. आपल्या कपड्यांच्या घड्या सर करतात हे कळल्यावर मुलं किती दिवस स्वस्थ बसणार? ती हळूहळू स्वतःच आवरायला लागली.

लिहिण्याचंही तसंच. मुलांनी वाचावं, लिहावं असं त्यांना वाटे. म्हणून आधी ते स्वतः लिहायला बसले. 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी रोज हाताने लिहून काढत. दैनिक, बरं का! आपल्याला वर्षातून एक अंक काढताना नाकी नऊ येतात. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही सुरू केलं.

गुरुजी काही विज्ञानाचे मास्तर नव्हते. पण 'श्यामची आई' पुन्हा उघडून बघा. श्याम पत्रावळ लावायला शिकतो. पाण्याला भितो म्हणून मार खातो आणि शेवटी विहिरीत उतरतो. न उमललेल्या कळ्या तोडून आणतो आणि फूल झाडावरच का फुलू द्यावं ते आईकडून समजून घेतो. जवळजवळ प्रत्येक रात्रीच्या मुळाशी हाताने केलेलं किंवा चुकलेलं काहीतरी आहे. म्हणून तर ते पुस्तक पोरांना आपलं वाटतं.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचनं गुरुजींनी ऐकता ऐकता उतरवून घेतली, म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहे. उतरवणं वाईट नसतं. आपण कान देऊन उतरवतो की डोळे मिटून, हा प्रश्न आहे. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये उपोषण केलं, १९४८ मध्ये 'साधना' साप्ताहिक काढलं, आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नाशीत, ते गेले. २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा संमेलननगरीला त्यांचंच नाव होतं.

आपल्या मेसबाहेरच्या बोर्डावर सध्या फक्त बिलं आणि दंडाच्या याद्या लागतात. तिथे एक कोरा कागद लावायचं मी ठरवलंय. आठवड्यात स्वतःच्या हाताने जे केलं, बिघडवलं, दुरुस्त केलं, त्यावर चार ओळी लिहायच्या. छापलेल्या नको. वेल्डिंगचा पहिला टाका वाकडा गेला तर तसंच लिहा. पहिल्या ओळी माझ्या असतील, त्या चिंचेच्या झाडाच्या.

झाड उलटं का दिसतं, ते मला आकृतीसह येतं. पाच मार्कांचा प्रश्न आहे. कावळा मात्र मला दिसला नव्हता.