पंगतीबाहेरचा बॅरिस्टर : बाबासाहेबांची वकिली आणि ओळखीपाळखीचा प्रश्न

वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना शेवटच्या वर्षाला एक सल्ला हमखास मिळतो. नुसता कायदा येऊन भागत नाही, ओळखी वाढवा. मोठ्या शहरातल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जाऊ पाहणाऱ्यांना तर गोल्फ शिकून घ्या असेही सांगितले जाते. अठरा होलचा खेळ चारेक तास चालतो, तेवढा वेळ एखाद्या कंपनीचा बडा माणूस तुमच्या सोबत चालतो आणि त्यातून पुढे कामे मिळतात, असा हा हिशेब. ज्यांच्या घरातले लोक आजवर कोर्टाची पायरी फक्त पक्षकार म्हणून चढले, त्या मुलांनी या सल्ल्याचे काय करायचे?

आम्हाला याचे उत्तर बाबासाहेबांच्या वकिलीत सापडते. संविधानाचे शिल्पकार म्हणून त्यांना जग ओळखते. पण मुंबईच्या हायकोर्टात एक नवखा बॅरिस्टर म्हणून ते कसे उभे राहिले, हे आपल्याकडे फार थोडे सांगितले जाते.

बाबासाहेब १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये दाखल झाले. तिथली रीत समजून घेण्यासारखी आहे. बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षा पास होणे पुरेसे नव्हते. प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा इनच्या सभागृहात बसून सर्वांबरोबर जेवावे लागे. ती जेवणे झाल्याशिवाय सत्र धरले जात नसे. म्हणजे या धंद्यात एकत्र बसणे, एकत्र जेवणे, एकमेकांना ओळखणे हे शिक्षणाचाच भाग होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत त्यांना राहायला घर मिळाले नाही. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनीच हरकत घेतली. लंडनच्या पंगतीत जो माणूस बसू शकत होता, त्याला आपल्या शहरात पाण्याच्या माठापाशी उभे राहता येत नव्हते.

१९२० मध्ये पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना डी. एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी ते मुंबईला परतले. सनद घेण्यापुरतेही पैसे हाताशी नव्हते. तेव्हाही भथेना धावून आले आणि बाबासाहेबांची वकिली सुरू झाली.

आता मुंबई हायकोर्टाचा त्या काळचा कारभार पाहा. हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे ओरिजिनल साइडला, पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकत नसे. तो आधी सॉलिसिटरकडे जाई, कागदपत्रे सॉलिसिटर तयार करी आणि कोर्टात उभे कोणाला करायचे हेही बहुधा तोच ठरवी. मोठा पैसा या शाखेत होता. त्यामुळे बॅरिस्टरचे पोट भरायचे तर सॉलिसिटरची मर्जी हवी. ही मर्जी कुठे जमत असे? घरच्या नात्यांत, जातीच्या बैठकीत, क्लबात, जिमखान्यात. बॉम्बे जिमखाना गोऱ्यांसाठी राखीव होता. पारशी, हिंदू, मुसलमान यांचे जिमखाने वेगवेगळे होते. १९१८ मध्ये सुरू झालेल्या विलिंग्डन क्लबात हिंदी लोकांना प्रवेश होता. गोल्फचे मैदान असलेला हा क्लब, पण तिथेही शिरायचे तर आधी श्रीमंती आणि प्रतिष्ठा हवी. परळच्या बी.आय.टी. चाळीत राहणाऱ्या महार बॅरिस्टरसाठी यातली कोणती जागा होती?

नवख्या बॅरिस्टरला पहिली काही वर्षे काम मिळत नसे, हे त्या काळी सगळ्यांनाच लागू होते. पण इतरांना निदान वाट पाहण्यासाठी एक दार तरी होते. बाबासाहेबांपुढे ते दारच नव्हते. अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. कोलंबिया आणि लंडन या दोन विद्यापीठांचे शिक्षण घेतलेला माणूस हायकोर्टात कामावाचून बसत होता. म्हणून गुणवत्ता असली की ओळखीची गरज नसते, असे आमच्या तरुणांना सांगणारे लोक खरे बोलत नाहीत. ओळखीला किंमत असते. ती किंमत बाबासाहेबांनी स्वतः मोजली आहे.

आपण नेटवर्किंग हा शब्द नवा समजतो, पण जातीने हे काम शेकडो वर्षे केले आहे. कोणी कोणाबरोबर जेवायचे, कोणाला घरात घ्यायचे, कोणाच्या मुलाला पुढे करायचे हे जातच ठरवत आली. रोटी आणि बेटी व्यवहाराच्या मागे धंद्याचा व्यवहारही चालतच असतो. गोल्फचे मैदान ही त्या पंगतीचीच नवी जागा आहे. तिथे जात कोणी तोंडाने विचारत नाही एवढाच फरक.

मग बाबासाहेबांनी काय केले? क्लबाच्या दारात ते ताटकळत बसले नाहीत. मूळ शाखेतले काम मिळत नव्हते तेव्हा त्यांनी मुंबईबाहेरच्या जिल्हा कोर्टांतली कामे घेतली. संसार चालावा म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवू लागले. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांचे कार्यालय होते. गिरणी कामगार, सफाई कामगार, खेड्यातून आलेली गरीब माणसे तिथे येत. अनेकांचे काम त्यांनी फी न घेता केले.

पुढची गोष्ट आपल्या तरुणांनी नीट लक्षात घ्यावी. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब होते आणि सभेचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. हे मुंबईतल्या सर्वात मोठ्या वकिलांपैकी एक. उपाध्यक्षांत बाळ गंगाधर खेर होते, तेही व्यवसायाने सॉलिसिटर. ज्या थरातली माणसे एरवी बाबासाहेबांना भेटली नसती, ती त्यांच्या कामाच्या निमित्ताने एका टेबलाशी बसली. यजमान बाबासाहेब होते आणि विषयही त्यांचाच होता. ते कोणाच्या पंगतीत जागा मागायला गेले नाहीत, त्यांनी स्वतः बैठक मांडली आणि इतरांना बोलावले.

कामातून ओळख आणि ओळखीतून पुन्हा काम, असे त्यांचे चक्र सुरू झाले. १९२६ मध्ये पुण्याचा देशाचे दुश्मन या पुस्तकावरील बदनामीचा खटला त्यांच्याकडे आला. दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि केशवराव बागडे हे ब्राह्मणेतर चळवळीतले कार्यकर्ते त्यात आरोपी होते. खालच्या कोर्टात त्यांना शिक्षा झाली होती. अपिलात बाबासाहेबांनी ती रद्द करून घेतली. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. तो खटला ते हरले, पण लैंगिक शिक्षणाबद्दल बोलायला समाज घाबरत होता त्या काळात ही बाजू घ्यायला धैर्य लागत होते. यातले एकही काम क्लबातून आले नव्हते.

सर्वात मोठा खटला तर त्यांच्यावरच होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी घेतले. डिसेंबरमध्ये सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी फार जुनी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दावा महाडच्या कोर्टातून ठाण्याला, तिथून हायकोर्टात गेला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल दिला. वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही आणि त्यांचे अपील फेटाळले गेले. दहा वर्षे लागली, पण ज्या हायकोर्टात बाबासाहेबांना कोणी काम देत नव्हते, त्याच हायकोर्टाने पाण्यावरचा आपला हक्क मान्य केला. मधल्या काळात, जून १९३५ मध्ये, ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यही झाले होते.

खेरांची गोष्ट पुढेही जाते. १९३७ मध्ये खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब समोरच्या बाकावर बसले. दोघांत मतभेद होते आणि ते उघड होते. १९४७ मध्ये फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधली संविधान सभेची जागा गेली, तेव्हा डॉ. राजेंद्र प्रसादांनी याच खेरांना पत्र लिहून बाबासाहेबांना मुंबईतून निवडून पाठवायला सांगितले. त्यामागे जुनी दोस्ती नव्हती. संविधान सभेच्या समित्यांत बाबासाहेबांनी जे काम केले होते, त्यामुळे विरोधकांनाही त्यांच्यावाचून चालेना.

बाबासाहेबांना माणसांची मदत झालीच नाही असे आम्ही म्हणत नाही. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी पाहिला. पुढे त्यांनीच त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. केळुसकर, सयाजीराव, शाहू महाराज, भथेना हे सगळे त्यांच्या आयुष्यात आले, पण खुशामतीने नव्हे. ज्याला आपण कल्याणमित्र म्हणतो, तसे हे लोक होते. एका मुलाचे वाचन पाहून त्यांनी हात पुढे केला.

संविधानाच्या पंधराव्या कलमाने विहिरी, तळी, दुकाने, उपाहारगृहे सर्वांना खुली केली. खाजगी क्लबाचे सदस्य कोणाला करायचे, हे मात्र आजही बहुतांशी क्लबच ठरवतो. म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. कोणी गोल्फ खेळायला बोलावले तर जरूर जा, बिचकू नका. ती जागाही आपली आहे. पण महागडे सदस्यत्व परवडत नाही म्हणून आपली वकिली संपली, असे मानू नका. तालुका आणि जिल्हा कोर्टात काम करा. कामगारांची, ॲट्रॉसिटीची, जमिनीची प्रकरणे मन लावून लढा. तुमचे नाव तिथून पुढे जाईल.

आणि जे आपले वकील आज स्थिरावले आहेत, त्यांना एक विनंती. १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या वर्षी, मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. आपल्याला जे दार मिळाले नाही ते पुढच्यांना मिळावे, ही बाबासाहेबांची तळमळ त्यामागे होती. तुमच्या चेंबरमध्ये एक खुर्ची वस्तीतून आलेल्या ज्युनिअरसाठी ठेवा. त्याला वेळेवर पैसे द्या, कोर्टात उभे करा, चार माणसांना त्याचे नाव सांगा. आपली पंगत आपणच मांडायची आहे आणि तिच्यात कोणालाही बाहेर ठेवायचे नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!