‘ढ’ मुलांचे कैवारी : प्रा. बेंजामिन ब्लूम

शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल होती. एकदा हा शिक्का बसला की मास्तर त्याला मागच्या बाकावर बसवीत आणि घरची माणसेही त्याला पुढे शिकवण्याचा नाद सोडून देत. अशा मुलांची बाजू अभ्यासपूर्वक मांडणारे एक थोर शिक्षणतज्ज्ञ गेल्या शतकात अमेरिकेत होऊन गेले. भारत आणि इस्राएल या दोन्ही देशांना त्यांच्या ज्ञानाचा लाभ झाला. म्हणून त्यांच्या कार्याची ओळख आपल्या मंडळींना करून देत आहोत.

बेंजामिन सॅम्युएल ब्लूम यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९१३ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील लॅन्सफर्ड या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. त्यांचे आईवडील रशियातून अमेरिकेत आलेले यहुदी होते. बेंजामिनला लहानपणापासून वाचनाचे विलक्षण वेड. वाचनालयातून नेलेले पुस्तक तो त्याच दिवशी परत करायला जाई आणि ते खरोखरच वाचून झाले आहे हे तिथल्या बाईंना पटवून द्यावे लागे. १९३५ साली बी. ए. व एम. ए. झाल्यावर पुढे ते शिकागो विद्यापीठात राल्फ टायलर या नामवंत शिक्षणतज्ज्ञांच्या हाताखाली काम करू लागले. १९४२ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात त्यांनी अनेक वर्षे काम केले, आणि परीक्षा नेमकी कशाची घ्यायची, हा प्रश्न तिथेच त्यांच्यापुढे उभा राहिला.

१९४८ साली बोस्टन येथे जमलेल्या काही परीक्षकांनी या प्रश्नाचा विचार सुरू केला. त्यातून १९५६ साली ब्लूम यांनी संपादित केलेला शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्ञान, आकलन, उपयोजन, पृथक्करण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा सहा पायऱ्या त्यात सांगितल्या आहेत. सरळव्याजाचे सूत्र घडाघडा म्हणणे हे ज्ञान, त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगणे हे आकलन, आणि सावकाराच्या कर्जाचा हिशेब त्या सूत्राने करून दाखवणे हे उपयोजन. नुसत्या घोकंपट्टीने पहिलीच पायरी गाठता येते, हे यावरून शिक्षकांच्या ध्यानात आले. जगातील अनेक भाषांत या ग्रंथाची भाषांतरे झाली.

त्या काळी भारतातही परीक्षा सुधारण्याची खटपट चालू होती. १९५६ साली भोपाळ येथे या विषयावर परिसंवाद भरला. त्यानंतर अखिल भारतीय माध्यमिक शिक्षण परिषदेच्या कामासाठी प्रा. ब्लूम भारतात आले आणि त्यांनी शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या. १९५८ साली केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला. पुढे निबंधवजा प्रश्नांच्या जोडीला लघुत्तरी व वस्तुनिष्ठ प्रश्न आले. महाराष्ट्रात ज्यांनी बी. एड. केले, त्यांनी पाठाच्या टाचणात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी उद्दिष्टे लिहिलेली असतील. त्या शब्दांच्या मुळाशी ब्लूम यांचे वर्गीकरण आहे. इस्राएल सरकारलाही त्यांनी शिक्षणविषयक सल्ला दिला.

परंतु त्यांचे सर्वांत मोठे कार्य मागे पडणाऱ्या मुलांसाठी झाले. जॉन कॅरल या संशोधकाने १९६३ साली असे मांडले होते, की एखाद्या विषयाची पात्रता म्हणजे तो विषय शिकायला लागणारा वेळ. हा धागा पकडून ब्लूम यांनी १९६८ साली एक लेख लिहिला. योग्य मदत व पुरेसा वेळ मिळाला तर शंभरातील नव्वदांहून अधिक मुले शाळेतील विषय चांगले आत्मसात करू शकतील, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. आपल्या घरातलेच पाहा. भाकरी थापायला एखादी मुलगी आठ दिवसांत शिकते, दुसरीला महिना लागतो. पण भाकरी फुगू लागली, की ती कोण किती दिवसांत शिकली हे कोणी विचारीत नाही. शाळेत मात्र आपण सर्वांना सारखाच वेळ देतो आणि मागे राहील त्याला नापास करतो.

यावर त्यांनी सांगितलेला उपाय साधा होता. अभ्यासक्रमाचे आठवड्या-दोन आठवड्यांचे भाग पाडावेत. प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी घ्यावी, पण तिचे गुण धरू नयेत. मूल कुठे अडले ते पाहावे, तेवढेच निराळ्या रीतीने शिकवावे, मग पुन्हा चाचणी घ्यावी. परीक्षा मुलाला बाहेर काढण्यासाठी नसून त्याला पुढे नेण्यासाठी आहे, असा त्यांचा आग्रह होता.

या विचारांवर टीकाही झाली. पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाने हा जादा वेळ आणायचा कुठून, असा रास्त प्रश्न विचारला गेला. स्वतंत्र शिकवणी मिळालेला सामान्य विद्यार्थी वर्गातील बहुतेक सर्वांना मागे टाकतो, असा निष्कर्ष त्यांनी १९८४ साली मांडला होता. नंतरच्या संशोधनात शिकवणीचा फायदा दिसला, पण इतका मोठा नाही. तरीही त्यांनी दाखवलेली दिशा शिक्षणक्षेत्राने सोडली नाही.

बालवयातील वातावरणाचे महत्त्व त्यांनी १९६४ सालच्या ग्रंथात दाखवून दिले. अमेरिकेत गरीब घरच्या बालकांसाठी १९६५ साली ‘हेड स्टार्ट’ ही योजना सुरू झाली, तिला या विचाराचा आधार मिळाला. १९८५ साली त्यांनी पियानोवादक, शिल्पकार, पोहणारे, टेनिसपटू, गणिती आणि मेंदूविषयक संशोधक अशा १२० नामवंतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील फारच थोडी माणसे बालपणी असामान्य वाटत होती. घरचे प्रोत्साहन, चांगले गुरू आणि वर्षानुवर्षांची मेहनत यांमुळे ती मोठी झाली.

१३ सप्टेंबर १९९९ रोजी प्रा. ब्लूम निवर्तले. त्यांच्या सहकाऱ्याने व शिष्याने २००१ साली त्या सहा पायऱ्यांची सुधारित मांडणी केली. आता तिच्या शिखरावर नवनिर्मिती आहे.

वाचकहो, नातवंडाचे प्रगतिपुस्तक हाती आले की आपली नजर आधी गुणांवर जाते. गुण कमी दिसले तर शेजारच्या मुलाचे नाव काढण्याऐवजी त्याला जवळ बसवून नेमके कुठे अडले ते विचारावे. प्रा. ब्लूम यांनी शिक्षकांना जे शिकवले, त्याची सुरुवात याच प्रश्नापासून होते, आणि तो विचारायला आजीआजोबांना कोणत्याही पदवीची गरज नाही.