विश्लेषण : फाइलच्या नावातील मोकळी जागा आणि मेजर कँडींची विरामचिन्हे

पेण तालुक्यातील जोहे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. समजा, अशा एखाद्या कारखान्यातील मूर्तीच्या फोटोला ‘जोहे गणपती.जेपीजी’ असे नाव दिले. माऊसने ती फाइल सहज उघडते. पण लिनक्सच्या कमांड लाइनवर हेच नाव तसेच टाइप करून फाइल हटवायला सांगितले, तर संगणक ‘जोहे’ आणि ‘गणपती.जेपीजी’ अशा दोन फाइल शोधतो. त्यातली एखादी खरोखरच असली, तर भलतीच फाइल जाते. ती रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

यावर उपाय अवतरणचिन्हाचा. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते.

कोण होते मेजर कँडी?

कँडी यांचा जन्म १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. ते आणि त्यांचे जुळे भाऊ जॉर्ज ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात होते. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशासाठी दोघांनी काम केले. पुढे प्रकृतीमुळे मोल्सवर्थ मायदेशी परतले. त्यांचा अपुरा राहिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस यांनी पूर्ण केला; तो १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख, शालेय पुस्तके आणि सरकारी भाषांतरे यांत त्यांची हयात गेली. १८७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी काय बदलले?

मोडीत आधी ओळभर रेघ आखून तिच्याखाली सलग अक्षरे लिहीत. शब्द कुठे तुटतो, वाक्य कुठे संपते, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. मुरलेल्या कारकुनाला ते जमे, शाळकरी मुलाला अवघड जाई. कँडींनी इंग्रजीतील चिन्हे मराठीत आणली आणि ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहून ती समजावली. त्यांच्या मराठीच्या इंग्रजी वळणावर टीका झाली. चिन्हे मात्र टिकली.

मग स्क्रिप्टमध्ये काय करावे?

संगणक त्या शाळकरी मुलासारखाच आहे. अंदाजाने अर्थ लावणे त्याला जमत नाही. मोकळी जागा दिसली की शब्द संपला, एवढेच बॅश शेलला कळते. म्हणून :

• पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहा.

• नाव व्हेरिएबलमध्ये असेल, तर व्हेरिएबलभोवती दुहेरी चिन्हे द्या. एकेरी चिन्हांत व्हेरिएबलमधले नाव वाचलेच जात नाही.

• चिन्हे सरळ हवीत. वर्डमधून कॉपी केलेली वळणदार चिन्हे शेल ओळखत नाही.

• हटवण्याआधी त्याच नावाने फाइलची यादी मागवून पाहा. एकच नाव दिसले, तरच पुढे जा.

नवीन फाइलला नाव देताना मोकळ्या जागेऐवजी अंडरस्कोर वापरला, तर हा प्रश्नच येत नाही. पण दुसऱ्याने पाठवलेल्या फाइलचे नाव आपल्या हातात नसते. तिथे ही चिन्हेच कामी येतात.